ओशाकान : एका अक्षरकर्त्याचे गाव

मंडळी, कामगार चळवळीतला माणूस चर्चविषयी काय बोलणार, असे तुमच्या मनात आले असेल. पण हजेरीपटावर अंगठा उठवणाऱ्या माणसांत माझे आयुष्य गेले. मी स्वतःही रात्रशाळेत अक्षरे गिरवली. म्हणून आर्मेनियातल्या ओशाकान या गावाची मला ओढ वाटते.

येरेवानच्या वायव्येस, कसाख नदीच्या काठी हे गाव आहे. तेथील मुख्य चर्चच्या वेदीखाली तळघरात एक कबर आहे. ती राजाची नव्हे, सेनापतीची नव्हे. दरबारी लेखनिक असून पुढे भिक्षू झालेल्या मेस्रोप माश्तोत्सची आहे.

त्याच्या काळी आर्मेनियात धर्म होता, पण धर्मग्रंथ ग्रीक व सिरियाक भाषांत. शेतकऱ्याने ऐकावे आणि न कळता घरी जावे! त्यातच ३८७ साली रोम आणि इराण यांनी देश वाटून घेतला. माश्तोत्सने प्रथम दानिएल नावाच्या सिरियन धर्माध्यक्षाकडून आलेली अक्षरे मुलांना शिकवून पाहिली. आर्मेनियन भाषेचे ध्वनी त्यांत मावेनात. चूक उमगताच त्याने ती बाजूला सारली. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते; विद्वानांना आपली चूक इतक्या सहज सोडवत नाही. मग ४०५ च्या सुमारास त्याने ३६ अक्षरे सिद्ध केली. राजा व्रामशापुह व धर्मगुरू साहाक त्याच्या पाठीशी होते.

४२८ साली राजघराणे बुडाले. अक्षरे राहिली. ४४० मध्ये माश्तोत्स वारला, तेव्हा वाहान आमातुनी या सरदाराने त्याचा देह ओशाकानला आणला व कबरीवर प्रार्थनामंदिर उभारले. आजची वास्तू १८७५ ते १८७९ मधली. तिच्या पूर्वेचा गोल घंटामनोरा १८८४ चा.

गावात याहून जुनी चर्चेही आहेत. मांकानोत्स चर्चजवळ एक प्राचीन दगडी स्तंभ आहे. त्याचा संबंध लोक बायझंटाईन सम्राट मॉरिसच्या आईशी जोडतात. नदीवर १७०६ चा पूल आहे. १८२७ मध्ये रशियन व इराणी फौजा येथेच भिडल्या. पण लढाया कोठे होत नाहीत?

आणि या अक्षरांचा प्रवास पाहा! जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक, ‘अझदारार’, १७९४ साली निघाले ते आपल्या मद्रासेत, हारुत्युन श्मावोन्यान या धर्मोपदेशकाच्या छापखान्यातून.

ओशाकानच्या चर्चच्या आवारात दगडात कोरलेली एकेक अक्षरे उभी आहेत. पहिलीतली मुले लिहू लागली की शिक्षक त्यांना येथे आणतात, आणि मुले आपापल्या नावाचे अक्षर शोधत हिंडतात.