थोरोट्रास्ट : नॅनोकणांचा विसरलेला पूर्वेतिहास

'नॅनो' हा शब्द मोटारीला लावून झाला, आता तो खताच्या बाटलीवरही दिसतो. मूळ ग्रीक अर्थ खुजा, बुटका. १९६० साली तो मापनपद्धतीत अधिकृतपणे दाखल झाला. त्यामुळे नॅनोकणांचा इतिहास त्यानंतरचाच असावा, असा आमच्यासारख्या शब्दांवर विसंबणाऱ्या अध्यापकांचा समज होतो. वस्तू मात्र त्याआधी तीस वर्षे माणसांच्या रक्तात फिरत होती.

१९३०च्या सुमारास जर्मनीत थोरोट्रास्ट नावाचे द्रावण तयार झाले. थोरियम डायऑक्साइडचे ३ ते १० नॅनोमीटर व्यासाचे कण त्यात तरंगत असत. तांबडी रक्तपेशी सुमारे सात हजार नॅनोमीटरची असते, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. थोरियम क्ष-किरण अडवते, म्हणून रक्तवाहिन्या विलक्षण स्पष्ट दिसत. पोर्तुगालचे एगास मोनिझ १९३१ पासून मेंदूच्या चित्रणासाठी ते वापरू लागले. यकृत आणि प्लीहाही दिसत. पण त्या दिसत, त्या तेथील पेशींनी कण गिळले म्हणूनच!

हे गिळणे जुनेच होते. १८८२ साली मेसिना येथे मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या अळीत काटा खुपसला, तेव्हा भटक्या पेशी त्याभोवती जमलेल्या त्यांना आढळल्या. यकृतातील कुप्फर पेशी त्याच भक्षक कुळातल्या. रक्तात शिरलेल्या कणावर प्रथिनांचे पांघरूण चढते, ते ओळखून पेशी आपले पटल दुमडून कणाला आत ओढते आणि पाचक रसांच्या पिशवीत टाकते. थोरियम डायऑक्साइड तेथे पचत नाही. पेशी मेली की शेजारची तोच कण उचलते. थोरियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १४०० कोटी वर्षे. त्याचे अल्फा किरण काही पेशींपलीकडे पोहोचत नाहीत, पण त्या थोड्या पेशींवर मारा आयुष्यभर चालू राहतो.

घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या अमेरिकन कामगार स्त्रियांवरील रेडियमचे परिणाम १९२८ पर्यंत जगजाहीर झाले होते. तरीही वापर चालूच राहिला. रुग्णाला टोचताना त्रास नसे, चित्र उत्तम येई. आजचा लाभ समोर होता आणि हानी दूर. १९४७ साली यकृताच्या अर्बुदाशी त्याचा संबंध जोडणारी नोंद अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि पन्नाशीच्या दशकात वापर ओसरला. आम्हाला अस्वस्थ करतात ते जपानमधील युद्धात जखमी झालेले सैनिक. तरुण वयात चित्रणासाठी हे द्रावण टोचले गेले. पुढे वीस, तीस, चाळीस वर्षांनी त्यांच्यातील कित्येकांना यकृताचा कर्करोग झाला. जखमेतून वाचले म्हणूनच तो होण्याइतके जगले.

पुढे यकृताच्याच चित्रणासाठी लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण आले. तेही कुप्फर पेशीच गिळतात, त्याच वाटेने, त्याच पिशवीत. तेथे ते हळूहळू विरघळतात, आणि सुटलेले लोह शरीराच्या साठ्यात जमा होऊन नव्या रक्तपेशींच्या कामी येते.