कुलूप तोडण्याआधी

17 सप्टेंबर 2025 ला बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटली. तोवर आमच्या घरासाठी रेल्वे म्हणजे परळी वैजनाथ, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी घरच्या ग्रुपवर नुसते व्हिडिओच व्हिडिओ. मी पुण्यात होतो. संध्याकाळी आजीचा फोन आला. गाडीचं कौतुक करून झाल्यावर ती म्हणाली, "एकच रूळ दिसतोय रे. समोरून दुसरी आली तर?"

मी डेटाबेसवर काम करतो. आजीचा प्रश्न माझ्या धंद्यातला मूळ प्रश्न आहे. वाट एक, जाणारे दोन, मग आधी कोण? याचं उत्तर कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी रेल्वेने शोधलं. त्यासाठी माणसं मरावी लागली.

10 सप्टेंबर 1874 ची रात्र. इंग्लंडमध्ये नॉर्विच आणि ब्रंडल या स्टेशनांमध्ये एकेरी मार्ग होता. नॉर्विचहून एक्स्प्रेस निघायची होती, ब्रंडलला मेल थांबली होती. एक्स्प्रेसला उशीर झाला म्हणून नॉर्विचच्या निरीक्षकाने मेल पाठवण्याबद्दल तारबाबूला तोंडी सांगितलं. नियमाप्रमाणे संदेशावर निरीक्षकाची सही हवी होती, पण तारबाबूने सहीशिवायच तार पाठवली. इकडे निरीक्षकाच्या मते तार गेलीच नव्हती, म्हणून त्याने एक्स्प्रेस सोडली. चूक लक्षात आल्यावर तार रद्द करायला धावपळ झाली, तोवर मेल निघून गेली होती. थॉर्पजवळ दोन्ही गाड्या समोरासमोर धडकल्या. 25 माणसं गेली.

आमच्या भाषेत ही 'रेस कंडिशन'. दोघांनी आपापल्या माहितीनुसार बरोबर पाऊल टाकलं, पण माहिती तपासणं आणि पाऊल टाकणं यांच्यामध्ये परिस्थिती बदलली होती.

या अपघातानंतर एडवर्ड टायर यांनी एक यंत्र बनवलं आणि 1878 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दोन्ही स्टेशनांवर विजेच्या तारेने जोडलेली यंत्रं, त्यांत धातूच्या चकत्या. पलीकडच्या स्टेशनने संमती दिल्याशिवाय चकती निघत नाही. एक निघाली की ती परत कुठल्यातरी यंत्रात पडेपर्यंत दुसरी निघत नाही. चकती हातात असेल तरच ड्रायव्हरने पुढे जायचं. भारतातल्या एकेरी मार्गांवर याच तत्त्वाचं 'नील्स बॉल टोकन' वर्षानुवर्षं चाललं. त्यात चकतीऐवजी धातूचा गोळा. तो चामडी पाकिटात, पाकीट मोठ्या कडीला बांधलेलं, आणि ती कडी चालत्या इंजिनातून हातोहात झेलायची. मराठवाड्यातल्या छोट्या स्टेशनांवर ही झेलाझेली पाहायला पोरं जमायची, असं आजोबा सांगायचे.

नेदरलँड्सचे एड्सगर डायक्स्ट्रा साठच्या दशकात याच प्रश्नाशी झुंजत होते. एका मशीनवर अनेक प्रोग्रॅम, मेमरीतली जागा एकच. त्यांनी उपाय काढला आणि त्याला नाव दिलं 'सेमाफोर', म्हणजे रेल्वेचा हात असलेला सिग्नल. त्यातल्या दोन क्रियांची पी आणि व्ही ही अक्षरंही 'पुढे जाणे' आणि 'मोकळं करणे' या अर्थाच्या डच शब्दांवरून, रेल्वेच्या परिभाषेतूनच आली. दोन प्रोग्रॅम एकमेकांचं कुलूप उघडण्याची वाट बघत कायमचे अडकतात, त्याला ते 'जीवघेणी मिठी' म्हणत. मिठी म्हटलं की आपल्याला प्रतापगड आठवतो. इथे मात्र दोघंही सुटत नाहीत.

नोव्हेंबर 1976 मध्ये आयबीएमच्या ईश्वरन, ग्रे, लॉरी आणि ट्रायगर यांनी डेटाबेससाठी शिस्त मांडली: व्यवहारात एकदा कुलूप सोडायला सुरुवात केली की नवीन कुलूप घ्यायचं नाही. आज आपण फोनवरून पैसे पाठवतो, तिकीट काढतो, त्यामागे या विचाराचा मोठा वाटा आहे.

जीवघेणी मिठी डेटाबेस स्वतःच ओळखतो. पोस्टग्रेस एक सेकंद वाट बघतं, कोण कोणासाठी थांबलंय याचं वर्तुळ सापडलं तर एकाचा व्यवहार रद्द करतं. खरा घाम फुटतो तो वर्तुळ नसतं तेव्हा. कुलूप घेणारा डेटाबेसच्या बाहेरच कशाची तरी वाट बघत बसलेला असतो.

माझ्या आधीच्या कंपनीत आम्ही दूध उत्पादकांचे दर दहा दिवसांचे पैसे वाटणारं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. एका रात्री सगळं थांबलं. साधी खाती उघडेनात. यादी पाहिली तर एक सेशन चाळीस मिनिटं व्यवहार उघडा ठेवून निवांत पडलेलं. त्याने एका खात्याची ओळ लॉक केली होती, बँकेच्या सर्व्हरला विनंती पाठवली होती आणि उत्तर आलं नव्हतं. एवढ्याने एकच खातं अडलं असतं. पण त्याच वेळी मी त्या टेबलात नवा कॉलम जोडायची कमांड दिली होती. तिला अख्खं टेबल स्वतःसाठी हवं होतं, म्हणून ती त्या सेशनमागे थांबली. तिच्यामागे बाकी सगळे. फाटकात एक ट्रॉली आडवी झाली की साखर कारखान्याच्या रस्त्यावर होतं, तसंच.

सेशन मारायची कमांड मी टाइप केली होती. आमची सीनियर म्हणाली, "थांब. पैसे गेलेत का ते आधी बघ. आणि तुझा कॉलम मागे घे."

कॉलमची कमांड रद्द केली, तशी रांग हलली. अडकलं फक्त ते एक खातं. मग बँकेकडे चौकशी केली. पैसे गेले होते. सेशन मारलं असतं तर डेटाबेसने व्यवहार गुंडाळला असता, आमच्या नोंदीत 'पैसे दिले नाहीत' राहिलं असतं आणि सकाळी त्याच माणसाला पुन्हा पैसे गेले असते. पुढच्या बिलातून ते कापून घेताना त्याला काय सांगणार होतो?

रेल्वेत टोकन हरवलं तर स्टेशनमास्तर यंत्र फोडून दुसरं काढत नाही. यंत्र बंद ठेवतात, दोन्ही स्टेशनं मधला मार्ग मोकळा असल्याची खात्री करतात आणि लेखी परवान्यावर गाडी सोडतात. आता अनेक मार्गांवर गोळा गेला, सेन्सर चाकं मोजतात. आत गेलेली आणि बाहेर आलेली चाकं जुळली नाहीत तर मार्ग अडलेलाच दिसतो. तो मोकळा करण्याआधीही प्रश्न तोच: गाडी आत आहे का?

त्या रात्रीनंतर आम्ही बँकेशी बोलणं व्यवहाराच्या बाहेर काढलं. प्रत्येक पेमेंटला स्वतंत्र क्रमांक दिला, म्हणजे तीच विनंती दोनदा गेली तरी ओळखता येते. कॉलम जोडणाऱ्या कमांडला काही सेकंदांची मर्यादा घातली. हे सगळं पुस्तकांत होतंच. आम्ही ते चाळीस मिनिटं थांबून शिकलो, एवढंच.

आजीला मी गोळ्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे समोरचा हो म्हणेपर्यंत निघायचं नाही."

हो, आजी. आणि समोरचा गप्प असेल, तर त्याचं गप्प बसणं म्हणजे 'हो' धरायचं नाही.