लोहन्यूनता (वऱ्हाड)
लोहन्यूनता : सजीवास आवश्यक तेवढे लोह न मिळाल्याने उद्भवणारी अवस्था. अमरावती-अकोल्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह विपुल असूनही ते अविद्राव्य राहते, सबब वरूड-मोर्शीच्या संत्राबागांत कोवळी पाने, शिरा तेवढ्या हिरव्या ठेवून, पिवळी पडतात. जमिनीत घातलेले हिराकस हे लोहलवणही तसेच बद्ध होत असल्याने त्याचे विरल द्रावण पानांवर फवारणे अधिक गुणकारी. मनुष्यातही ज्वारीतील लोह, फायटिक अम्लाने जखडलेले असल्यामुळे, रक्तात फार थोडे उतरते; भाकरीसोबत संत्रे खाल्ल्यास मात्र त्यातील क जीवनसत्त्वाने शोषण वाढते, ही त्याच बागांची मोठीच देणगी होय. लोहन्यूनतेने रक्तक्षय होत असला, तरी वऱ्हाडातीलच मेळघाटातील प्रत्येक रक्तक्षय लोहन्यूनतेचाच समजू नये. तेथे दात्रकोशिका (सिकलसेल) विकारही आढळतो, आणि अशा रुग्णास, विशेषतः वारंवार रक्त चढविले असल्यास, तपासणीवाचून दीर्घकाळ लोह देणे अपायकारक ठरू शकते.