नवगाव आणि एलियाहू हनबीचा टप्पा

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील बेने इस्रायल या ज्यू समाजाची दोन श्रद्धास्थाने. परंपरेनुसार पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. वाहून आलेल्या मृतांना तिथेच पुरले, असे सांगतात. त्या जागी आज दफनभूमी आणि स्मारकस्तंभ आहे. गलबताच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण कोकणात तेल गाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ शब्बाथ हा विश्रांतीचा दिवस पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले, हा त्यांच्या ज्यू वारशाचा पुरावा शिलालेखाइतकाच मोलाचा मानला पाहिजे.

सागाव-खंडाळे परिसरातील टप्पा म्हणजे एक खडक. त्यावरील खुणा संदेष्टा एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्यांच्या आहेत, अशी श्रद्धा आहे. हिब्रू बायबलमधील ‘राजे’ ग्रंथात तो अग्निरथातून स्वर्गात गेल्याची कथा येते. इथे तो कोकणात उतरला, असे समाज मानतो. नवस फेडायला कुटुंबे येतात, मलिद्याचे ताट मांडतात. भिजवलेल्या गोड पोह्यांत ओले खोबरे, सुकामेवा, भोवती फळे. त्यावर हिब्रू आशीर्वचने म्हणून प्रसाद वाटला जातो. बायबलचा संदेष्टा आणि कोकणचे पोहे एका ताटात आणणारी ही परंपरा विलक्षण आहे. 1948नंतर समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तरी तिथूनही भाविक येतात. अलिबागचे मागेन अबोथ सिनेगॉगही ते पाहतात.