येरवड्याची भीती आणि मनाचे उपचार

"हिला येरवड्याला पाठवा" हे वाक्य आपल्या पुणे जिल्ह्यात भांडणात येतं, थट्टेत येतं, सासरच्या टोमण्यातही येतं. म्हणून छातीत धडधड होते, रात्र रात्र डोळा लागत नाही, हप्त्याच्या विचाराने पोटात गोळा येतो, तरी बाई सांगते, "पित्त झालंय." मनाचं दुखणं म्हटलं तर लोक येरवड्याचं नाव घेतील, ही धास्ती. ती आली कुठून, आणि तेव्हाही दुसरे उपाय काय होते, ते आज पाहू.

येरवड्याचं मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळातलं. अडीच हजारांवर खाटांचं, आशियातल्या मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'वेड' होतं. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने माणसाला आत ठेवता येई. हुकूम आणि उंच भिंत, एवढंच बाहेरच्यांना दिसायचं. काळजीने खंगलेली बाई तिथं आपणहून कशी जाणार?

बायांची मन मोकळं करायची जागा वेगळी होती, ती म्हणजे जातं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, सासुरवास आहे, लेकरांची काळजी आहे. हात चालू, श्वास लयीत आणि मनातलं ओठांवर. गिरणी आली, कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण बोलायची ती जागाही गेली.

निसर्गोपचाराचा वारसाही पुण्याचाच. इथे डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं, गांधीजी तिथं राहिले होते. मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले. माती, पाणी, ऊन, साधा आहार यांवर गावकऱ्यांचे उपचार सुरू झाले आणि तिथं आश्रम उभा राहिला. पुढे तो मणिभाई देसाईंनी सांभाळला. पुण्यातल्या मेहतांच्या जागेत आज केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. त्याही आधी, १९२४ मध्ये, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी तपासायला सुरुवात केली. घरी करायचा सोपा उपाय असा: चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सावकाश सोडा. पाच मिनिटांत धडधड हळूहळू उतरते.

पण श्वासाने धडधड उतरली तरी डोक्यातला विचार तसाच राहतो. त्यासाठी समुपदेशन. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विचार तपासून बदलण्याची पद्धत मांडली. प्रा. कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. उदाहरण आपलंच घ्या. "हप्ता चुकला तर माझं सगळं संपलं," असं मन म्हणतं. समुपदेशक विचारतात, खरंच सगळं संपेल का? हप्ता चुकला तर अडचण होईल, बोलणी खावी लागतील, पण गटाशी बोलून मार्ग काढता येईल. असा विचार करण्याचा सराव म्हणजेच उपचार. तिथं कुणी कोंडून ठेवत नाही. बोलायचं आणि घरी यायचं.

कायदाही बदललाय. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला आणि २०१७ चा नवा कायदा २०१८ पासून लागू झाला. सरकारी दवाखान्यात मनाचे उपचार मिळणं हा आता आपला हक्क आहे, आणि आपली माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या काढा किंवा जडीबुटीच्या भरवशावर बंद करू नका. आणि कुणी जीव नकोसा झालाय म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

पुढच्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं हिशेबाची वही मिटा आणि "झोप लागते का गं?" एवढं एकमेकींना विचारा. ऐकलेलं मात्र गटाबाहेर जाऊ देऊ नका.