गिरणीच्या आवारातला खर्ज: किंग्स्टन, क्रॉयडन आणि मालवण

मुंबईतील डबस्टेपचा पत्ता शोधायचा, तर लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये जावे लागते. डिसेंबर २००७ मध्ये तेथे ‘ब्लू फ्रॉग’ हा संगीत क्लब सुरू झाला. पुढील काही वर्षांत ‘बे बीट कलेक्टिव्ह’ या डीजेंच्या गटाने ड्रम अँड बेस आणि डबस्टेप तेथे वाजवले. जागा गिरणीची होती. भोवतालच्या चाळींत एकेकाळी मालवण, वेंगुर्ले, देवगडचे चाकरमानी राहत आणि रात्री पखवाजावर भजन रंगवत. या शेजाराचा अर्थ लावायचा, तर आरंभ जमैकापासून करावा लागेल.

१९५० च्या दशकातील किंग्स्टन. वाद्यवृंद ठेवणाऱ्या नृत्यगृहांत जाणे गरिबांना परवडत नसे. म्हणून मोकळ्या आवारात टर्नटेबल, अँप्लिफायर आणि कपाटाएवढे स्पीकर मांडले जात. याचे नाव ‘साउंड सिस्टिम’. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे त्यांतले नामांकित मालक आणि कडवे प्रतिस्पर्धी. दोन सिस्टिम समोरासमोर उभ्या ठाकत. ज्याच्याजवळ दुसऱ्याकडे नसलेली तबकडी, त्याची सरशी. प्रतिस्पर्ध्याला गाणे ओळखता येऊ नये, म्हणून तबकड्यांवरील लेबले खरवडून टाकली जात!

सिंधुदुर्गच्या वाचकाला येथे डबलबारी आठवल्यावाचून राहणार नाही. दोन भजनी बुवा, दोन मंडळे, रात्रभराचा सामना. रूपाच्या अभंगापासून गजरापर्यंत एकाने कोडे टाकायचे, दुसऱ्याने ते सोडवून उलट चिमटा काढायचा. आणि खर्जाची ओढ म्हणावी, तर पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात ती नाद खोल करण्यासाठीच. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. मात्र हातात फारसे काही नसलेल्या माणसांनी आवाजातून प्रतिष्ठा मिळवण्याची रीत दोन्हीकडे सारखी दिसते.

किंग्स्टनमध्येच किंग टबी नावाचा, यंत्रदुरुस्तीत मुरलेला तंत्रज्ञ १९७० च्या सुमारास तयार गाण्यांतून गायकाचा आवाज काढून टाकू लागला. मागे उरत ढोल, बेस आणि प्रतिध्वनी. हेच ‘डब’. मिश्रण करणाऱ्याचा टेबल हे स्वतंत्र वाद्य असू शकते, ही जाणीव जगाला ज्या थोड्या माणसांनी दिली, त्यांत टबीचे स्थान फार वरचे आहे.

२२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज शेकडो कॅरिबियन प्रवाशांना घेऊन लंडनजवळच्या टिलबरी बंदरात लागले. त्यानंतर ब्रिटनमध्ये आलेल्या कित्येक जमैकनांना गोऱ्यांच्या क्लबांत प्रवेश नव्हता. तेव्हा त्यांनी तळघरांत आणि राहत्या घरांत आपल्या मैफली भरवल्या. ड्यूक विनने किंग्स्टनची साउंड सिस्टिम लंडनमध्ये उभी केली ती याच काळात. डबस्टेपची नाळ या तळघरांशी आहे.

आता दक्षिण लंडनमधील क्रॉयडन. तेथील ‘बिग ॲपल’ या तबकड्यांच्या दुकानात हॅचा नावाचा डीजे काम करी. स्क्रीम आणि बेंगा ही विशीही न गाठलेली मुले त्याच्याकडे घरी संगणकावर केलेल्या रचना घेऊन येत. यूके गराजमधून गाणे वजा केलेले, डबसारखे पोकळ आणि काळोखे असे ते संगीत. हॅचा त्यांच्या डबप्लेट कापून घेई. डबप्लेट म्हणजे लाखेसारखा मऊ थर दिलेली धातूची तबकडी. काही डझन वेळा वाजली की झिजून जाणारी. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘फॉरवर्ड’ या क्लबरात्रीत तो त्या वाजवी. २००५ मध्ये माला, कोकी आणि लोफा यांनी ब्रिक्स्टनमधील एका चर्चच्या इमारतीत ‘डीएमझेड’ सुरू केले. जानेवारी २००६ मध्ये मेरी ॲन हॉब्ज हिने बीबीसी रेडिओ वनवर या मंडळींना एका रात्रीत एकत्र आणले. त्या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रणे इंटरनेटवरून जगभर पसरली.

मिसळण्याचे तंत्र भजनाच्या परिभाषेत चटकन समजते. डबस्टेपची गती मिनिटाला सुमारे १४० ठोके. पण स्नेअरचा आघात प्रत्येक चार ठोक्यांत एकदाच, तिसऱ्यावर पडतो. त्यामुळे कानाला ती ७० ची संथ लय वाटते. म्हणजे ठाय आणि दुगुन एकाच वेळी चालू. जाणता डीजे दोन तबकड्यांची गती जुळवून एकीचा बेस हलकेच उतरवतो आणि दुसरीचा चढवतो, कारण दोन खर्ज एकत्र आले की नाद गढूळ होतो. शिवाय ५० हर्ट्झच्या एका ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर भरते. लॅपटॉपच्या स्पीकरला ती पेलत नाही. फाइल कितीही वेळा ऐकली तरी डबस्टेपचा अर्धा भाग श्रोत्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यासाठी मोठी यंत्रणा हवी, मोठी खोली हवी.

मुंबईत ती खोली मिळाली गिरणगावात, आणि येथेच इतिहासाचा सल आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते, तोच १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. असंख्य कोकणी कुटुंबे गावी परतली ती कायमचीच. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे मॉल, कार्यालये आणि क्लब आले. लंडनमध्ये स्थलांतरितांच्या तळघरांतून वर आलेला आवाज मुंबईत स्थलांतरित निघून गेलेल्या जागेत, तिकीट काढणाऱ्यांसाठी वाजू लागला. यात डीजेंचा दोष नाही. त्यांनी संगीत मनापासून वाजवले. पण चाळीतल्या पखवाजाचा खर्ज त्यांच्या मिश्रणात कधी शिरला नाही, ही संधी हुकलीच.

रस्त्याचा आवाज आत घेतला तो दुसऱ्याच वाटेने आलेल्या डीजेने. अहमदाबादच्या ‘बंदिश प्रोजेक्ट’मधून पुढे आलेला आणि नंतर सिंधुदुर्गच्या शेजारी, गोव्यात राहू लागलेला उद्यन सागर ऊर्फ न्यूक्लिया. ‘कूचा मॉन्स्टर’ (२०१३) आणि ‘बेस रानी’ (२०१५) या संग्रहांत त्याने डबस्टेपचा घोगरा बेस वरातीच्या आणि मिरवणुकीच्या ठेक्यांवर बसवला. शुद्धतावादी क्रॉयडनकरांना हे रुचणार नाही. पण बेस पुन्हा रस्त्यावर आला, हे नाकारता येत नाही.

रस्त्यावर मात्र कायदा उभा होता. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. २०१८ च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयाने मिरवणुकीतील डीजेला मुभा नाकारली. स्पीकरच्या भिंतीशेजारी ज्यांचे घर आहे, त्यांना तो निर्णय न्याय्यच वाटला असेल. ब्लू फ्रॉग त्याआधीच, २०१६ मध्ये बंद झाला. डबलबारीचे सामने मात्र सिंधुदुर्गात आणि मुंबईतील कोकणी वस्त्यांत आजही लागतात.