अमेरिकेतील प्रवेशाची चाळणी



मोठ्या महाविद्यालयात जाण्याची मुलाची इच्छा आहे, पण परीक्षेतले गुण बेताचे आहेत. मग त्याने अर्ज करावा की नाही? हा प्रश्न आपल्या घराघरांत आहे. अमेरिकेत ज्या परीक्षेपायी तो विचारला जातो, त्या 'एस. ए. टी.'चा इतिहास मी आज सांगणार आहे.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सतरा लाखांहून अधिक सैनिकांची बुद्धी मोजून पाहिली. त्या आकड्यांवरून प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कार्ल ब्रिगम यांनी १९२३ साली ग्रंथ लिहिला. उत्तर युरोपातून आलेले लोक जात्याच बुद्धिमान आणि पूर्व व दक्षिण युरोपातले, तसेच कृष्णवर्णीय, कमी प्रतीचे, असा त्याचा निष्कर्ष होता. याच गृहस्थांनी महाविद्यालयीन प्रवेशासाठी परीक्षा तयार केली. २३ जून १९२६ रोजी सुमारे आठ हजार मुले तिला बसली. पुढे चारच वर्षांनी, १९३० साली, ब्रिगम यांनी आपले वांशिक निष्कर्ष निराधार असल्याचे छापून कबूल केले. विद्वानाने असे कबूल करणे ही लहान गोष्ट नव्हे. कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या पाठीशी उभा राहणारा साहेब मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. आपले मोजमाप चुकले असे त्याने म्हटलेले मी अजून ऐकलेले नाही.

पण परीक्षा राहिलीच, आणि तिला राखणाराचा हेतू वाईट नव्हता. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांना बड्या घरच्या मुलांनी भरलेल्या विद्यापीठात दूरदूरच्या साध्या शाळांतली हुशार मुले आणायची होती. १९३४ पासून त्यांनी शिष्यवृत्त्यांसाठी हीच परीक्षा वापरली.

ही परीक्षा उपजत कुवत मोजते, शिकवणीने गुण वाढत नाहीत, असे तिचे चालक सांगत. ब्रुकलिनमधील स्टॅन्ली कॅप्लन या नळकाम करणाऱ्या व्यावसायिकाच्या मुलाने १९४६ पासून घरच्या तळघरात शिकवण्या घेऊन हा दावा खोटा ठरवला. हळूहळू शिकवणी हा मोठा धंदा झाला, आणि धंदा म्हटला की पैसेवाल्याची सोय आधी. 'कुवत' हा शब्द १९९० साली परीक्षेच्या नावातून गेला. आज त्या तीन अक्षरांना काही अर्थच उरलेला नाही.

मेन राज्यातील बोडिन महाविद्यालयाने १९६९ सालीच हे गुण कळवणे ऐच्छिक केले होते. पण २०२० च्या साथीत परीक्षाकेंद्रे बंद पडल्यावर बहुतेक सर्व नामांकित संस्था त्या वाटेने गेल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर २०२१ पासून गुण पाहणेच सोडले. त्याच्या प्राध्यापकांच्या समितीने मात्र आधी उलट सांगितले होते: मुलाचे गुण त्याच्या शाळेच्या व घरच्या परिस्थितीशी ताडून पाहिले, तर हीच परीक्षा गरिबाला उपयोगी पडते.

डार्टमथ महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनाही तेच आढळले. तिथे १६०० पैकी १४०० च्या आसपास गुण म्हणजे इतर उमेदवारांच्या मानाने कमी. म्हणून गरीब घरच्या शेकडो मुलांनी ते कळवलेच नाहीत. वस्तुतः त्यांच्या शाळेतून तेवढे गुण मिळवणे हीच कर्तबगारी आहे, असे प्रवेशाधिकारी मानत, आणि गुण कळवले असते तर प्रवेशाची शक्यता वाढली असती! सुखवस्तू घरच्या मुलाला कोणते गुण दाखवावेत आणि कोणते झाकावेत हे सांगायला पैसे देऊन सल्लागार मिळतो. सरकारी शाळेत एकेका सल्लागाराच्या वाट्याला शेकडो मुले येतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये डार्टमथने परीक्षा पुन्हा सक्तीची केली. तोवर त्या मुलांचे अर्ज, गुणांचा रकाना कोरा ठेवून, निकालात निघून गेले होते.